आहारातलं कोलेस्टेरॉल नेमकं कुठून येतं?

कोलेस्टेरॉलच्या तक्त्यात भेजा आणि कलेजी सगळ्यात वर दिसतात. कोंबडीच्या 100 ग्रॅम शिजवलेल्या कलेजीत साधारण 560 मिलिग्रॅम कोलेस्टेरॉल असतं. पण कलेजी रोज कोण खातं? एखाद्या पदार्थाचा खरा वाटा काढायचा तर त्यातलं प्रमाण आणि आपण तो किती व किती वेळा खातो, यांचा गुणाकार करावा लागतो. तो केला की बहुतेक मिश्राहारी लोकांच्या यादीत अंडी, कोंबडी आणि इतर मांस पुढे येतं.

50 ग्रॅमच्या एका अंड्यात सुमारे 185 मिलिग्रॅम कोलेस्टेरॉल असतं आणि ते सगळं पिवळ्या बलकात. केक, कस्टर्ड, मेयोनेज यांतलं अंडं बहुतेकांच्या हिशेबातून निसटतं. कोंबडीच्या 100 ग्रॅम शिजवलेल्या मांसात सुमारे 85 मिलिग्रॅम. आकडा लहान, पण मांस वारंवार खाल्लं जातं. चरबी काढून टाकली की मांस कोलेस्टेरॉलमुक्त होतं, हा समज चुकीचा आहे. कोलेस्टेरॉल पेशींच्या आवरणात असतं, त्यामुळे ते बिनचरबीच्या स्नायूतही जवळपास तेवढंच राहतं. चरबी काढल्याने कमी होते ती मुख्यतः संपृक्त चरबी (सॅच्युरेटेड फॅट), आणि तो फायदा मोठा आहे.

कारण रक्तातलं बरंचसं कोलेस्टेरॉल शरीर स्वतःच तयार करतं. संपृक्त चरबी जास्त झाली की यकृताची रक्तातलं एलडीएल, म्हणजे ‘वाईट’ कोलेस्टेरॉल, उचलून घेण्याची क्षमता घटते आणि ते रक्तात साचत जातं. अमेरिकेच्या 2015-2020च्या आहार मार्गदर्शिकेने रोजच्या 300 मिलिग्रॅम कोलेस्टेरॉलची जुनी मर्यादा वगळली, संपृक्त चरबीची मात्र कायम ठेवली.

म्हणूनच 100 ग्रॅम शिजवलेल्या कोळंबीत जवळपास 200 मिलिग्रॅम कोलेस्टेरॉल असलं, तरी संपृक्त चरबी अगदी नगण्य असल्याने तिची फार धास्ती घेऊ नये. उलट खोबरेल तेलात कोलेस्टेरॉल नसतं, पण त्याचा 80 टक्क्यांहून जास्त भाग संपृक्त चरबीचा असतो. वनस्पती तेलाच्या बाटलीवरचं ‘कोलेस्टेरॉल फ्री’ वाचून निर्णय घेऊ नका; मागच्या बाजूला छापलेला संपृक्त चरबीचा आकडा बघा.

ऑम्लेटला दोन अख्ख्या अंड्यांऐवजी एक अख्खं आणि दोन अंड्यांचा पांढरा भाग घेतला, तर 185 मिलिग्रॅम कोलेस्टेरॉल वाचतं. पण तेच ऑम्लेट मोठा चमचाभर लोण्यात केलं, तर सुमारे 7 ग्रॅम संपृक्त चरबी पोटात जाते. एका अख्ख्या अंड्यात ती दीड ग्रॅमच्या आसपास असते. मधुमेह किंवा आनुवंशिक उच्च कोलेस्टेरॉल असेल, तर आठवड्याला किती बलक चालतील हे डॉक्टरांना विचारून ठरवा.