स्टेशन आले की गाळ्याचा भाव का चढतो?

पुण्यात मेट्रोलगत गाळा घ्यावा का, हा प्रश्न सांगलीत हल्ली वारंवार निघतो. त्याचे निम्मे उत्तर आपल्याच जिल्ह्यांच्या इतिहासात आहे.

मिरजेहून सांगलीला रेल्वेचा फाटा १९०७ मध्ये आला. पुढे १९७१ मध्ये पुणे-मिरज मार्ग ब्रॉडगेज झाला आणि शहराचे स्टेशन दुसरीकडे गेले. स्टेशन चौक मात्र नावासकट जागेवर राहिला, आणि तिथला बाजारही. साताऱ्यात वेगळेच घडले. स्टेशन माहुलीला, शहरापासून लांब; त्यामुळे दुकानदारी पोवई नाका, राजपथ आणि एसटी स्टँडभोवतीच वाढली. गाडी जिल्ह्यात येणे पुरेसे नसते, उतरलेला माणूस दुकानापर्यंत चालत यावा लागतो.

जुन्या रेल्वेला मालाची ओढ होती. १९१० मध्ये कुंडल रोड स्टेशनजवळ किर्लोस्करवाडी वसली, ती कारखान्यासाठी. मेट्रो माल आणत नाही, फक्त माणसे आणते. म्हणून तिचा फायदा तळमजल्याच्या गाळ्याला आणि कार्यालयांना आधी मिळतो, तोही थोड्याच अंतरापर्यंत. जागेचे भाडे पोहोचण्याच्या सोयीवर ठरते, हे अर्थशास्त्रज्ञ विल्यम अलोन्सो यांनी १९६४ मध्ये शहरांबाबत मांडले. पुढे २००७ मध्ये नेदरलँड्समधल्या तीन संशोधकांनी अनेक अभ्यास एकत्र तपासले: स्टेशनपासून पाव मैलाच्या आत व्यापारी जागांना घरांपेक्षा जास्त लाभ, त्यापलीकडे घरांचे पारडे जड.

पुण्यात या अंतराला सरकारी आकारही मिळाला. स्टेशनच्या ५०० मीटर परिघात ४ पर्यंत एफएसआय, म्हणजे भूखंडाच्या चौपटीपर्यंत बांधकाम, देण्याचे धोरण आले. म्हणजे भाव चढतो तो निव्वळ प्रवाशांमुळे नाही, वर किती मजले बांधता येतील यामुळेही. शिवाय १ एप्रिल २०२२ पासून पुण्यातल्या खरेदीखतावर १ टक्का मेट्रो अधिभार लागतो. वाढलेल्या भावातला वाटा सरकार असा परत घेते, आणि मला ते रास्त वाटते. मेट्रो सार्वजनिक पैशातूनच उभी राहते.

सगळ्यात कमी बोलले जाते ते मधल्या वर्षांबद्दल. पुणे मेट्रोची पायाभरणी डिसेंबर २०१६ ची, पहिली गाडी ६ मार्च २०२२ ला धावली, भुयारातून स्वारगेट गाठायला २९ सप्टेंबर २०२४ उजाडले. घोषणा झाली की मालक भाव आणि भाडे वाढवतो. मग रस्त्यात बांधकामाचे पत्रे उभे राहतात, पार्किंग जाते, गिऱ्हाईक तुटते आणि भाडेकरू मात्र वाढीव भाडे भरत असतो. अनेकदा गाडी सुरू होईपर्यंत वाढीचा मोठा भाग विक्रेत्याच्या खिशात गेलेला असतो.

म्हणून गाळा बघायला जाल तेव्हा नकाशावरचे अंतर मोजू नका. जिन्यावरून उतरणारी माणसे संध्याकाळी कोणत्या बाजूला वळतात आणि मध्ये दुभाजक आहे का, ते तिथे उभे राहून बघा.