गवंड्याचे पाच फूट आणि किरणोत्सवाची तारीख

कोल्हापूरजवळ पाचगाव, कळंबा भागात कुठे नव्या घराचे लाइनआउट, म्हणजे पायाची आखणी, सुरू असेल, तर जरा थांबून पाहा. गवंडी कोपऱ्यातल्या खुंटीपासून एका दोरीवर 3 फुटांवर खूण करतो, दुसऱ्या दोरीवर 4 फुटांवर. मग दोन खुणांमध्ये टेप धरतो. बरोबर 5 फूट भरले, की कोपरा गुण्यात, म्हणजे काटकोनात, आला. आता खुशाल फक्की मारून रेषा आखा.

हे पायथागोरसचे प्रमेय, असे शाळेतले पोरही सांगेल. खरे तर इथे राबतो तो त्या प्रमेयाचा व्यत्यास. प्रमेय म्हणते: त्रिकोण काटकोन असेल, तर कर्णाचा वर्ग उरलेल्या दोन बाजूंच्या वर्गांच्या बेरजेइतका असतो. पण गवंड्याला काटकोन आधी कुठे माहीत आहे? तोच तर तपासायचा आहे. त्याच्या हाती आहेत फक्त लांब्या, 9 + 16 = 25. लांबीवरून कोनाकडे जाणारे हे विधान वेगळे, 'जर' आणि 'तर' यांची अदलाबदल केलेले. युक्लिडच्या 'एलिमेंट्स'मध्ये पहिल्या खंडात प्रमेय 47 वे आहे आणि व्यत्यास 48 वा, स्वतंत्र सिद्धतेसह.

यातला एक बारकावा मला फार आवडतो. टेपवर 5 फूट 1 इंच आले, तर कोपरा चुकला हे नुसत्या प्रमेयावरून कळते, कारण काटकोन असता तर 5 च आले असते. म्हणजे कोपरा नापास करायला प्रमेय पुरते. पास करायला व्यत्यास लागतो.

त्याची सिद्धताही देखणी आहे. 3 आणि 4 बाजूंचा दुसरा त्रिकोण काढायचा, मुद्दाम काटकोन धरून. त्याला प्रमेय लागू होते, म्हणून त्याचा कर्ण 5. दोन्ही त्रिकोणांच्या तिन्ही बाजू सारख्या, म्हणजे बाबाबा कसोटीने ते एकरूप. मग पहिल्यातला कोनही 90 अंशांचाच.

सगळेच व्यत्यास असे खरे निघत नाहीत. समभुज चौकोनाचे कर्ण काटकोनात छेदतात; पण पतंगाचेही छेदतात. 'कर्ण एकमेकांना दुभागतात' ही अट जोडली, की मात्र चौकोन समभुजच.

अंबाबाईचा किरणोत्सव घ्या. पश्चिमाभिमुख मंदिरात मावळतीचे किरण मूर्तीपर्यंत पोचण्याचे परंपरेने ठरलेले दिवस म्हणजे 9 ते 11 नोव्हेंबर आणि 31 जानेवारी ते 2 फेब्रुवारी. तारीख दिली, तर सूर्य क्षितिजावर कुठे मावळेल ते ठरते. पण मावळतीच्या जागेवरून तारीख ठरत नाही. 22 डिसेंबरच्या सुमारास सूर्य दक्षिणेच्या टोकाला जाऊन परत फिरतो. 10 नोव्हेंबर त्याच्या 42 दिवस आधी, 1 फेब्रुवारी 41 दिवसांनी. दोन्ही वेळी मावळतीची जागा जवळपास एकच. म्हणून तर हा सोहळा वर्षातून दोनदा होतो. इथेही एक अट जोडता येते: पुढचे काही दिवस पाहत राहायचे. मावळतीची जागा डावीकडे, दक्षिणेला सरकत गेली तर नोव्हेंबर. उजवीकडे सरकली तर फेब्रुवारी.