कलम ६६-अ

माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० यातील, सर्वोच्च न्यायालयाने घटनाबाह्य ठरवलेले कलम. २००८ च्या दुरुस्तीने ते आले व २७ ऑक्टोबर २००९ पासून लागू झाले. संगणक वा मोबाइलवरून ‘अत्यंत आक्षेपार्ह’ मजकूर पाठवणाऱ्याला, किंवा खोटी माहिती जाणूनबुजून त्रास देण्यासाठी पाठवणाऱ्याला, ३ वर्षांपर्यंत कैद होऊ शकत असे. आक्षेपार्ह कशाला म्हणायचे, याची व्याख्या नव्हती. ते गुन्हा नोंदवणाऱ्याच्या मर्जीवर होते.

नोव्हेंबर २०१२ मध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतर मुंबईतल्या बंदविषयी फेसबुकवर लिहिणारी पालघरची तरुणी आणि ती पोस्ट ‘लाइक’ करणारी तिची मैत्रीण, दोघींना अटक झाली. त्यावर श्रेया सिंघल यांनी जनहित याचिका केली. २४ मार्च २०१५ रोजी न्या. चेलमेश्वर व न्या. नरिमन यांच्या खंडपीठाने कलम रद्द केले. चर्चा, एखाद्या मताचा पुरस्कार आणि चिथावणी या तीन वेगळ्या गोष्टी आहेत आणि बंधन फक्त चिथावणीवर घालता येते, हा या निकालाचा गाभा होय.

अभ्यासकांच्या दृष्टीने खरा विषय यानंतर सुरू होतो. २०१८ मध्ये अभिनव सेखरी व अपार गुप्ता या वकिलांनी एका शोधनिबंधात दाखवून दिले, की रद्द कलमाखाली गुन्हे दाखल होतच आहेत. पुढे ‘झॉम्बी ट्रॅकर’ (झॉम्बी म्हणजे मेल्यावरही चालतेफिरते प्रेत) या प्रकल्पाने जिल्हा न्यायालयांची ऑनलाइन माहिती चाळली. मार्च २०२१ मध्ये ११ राज्यांत असे ७४५ खटले प्रलंबित होते. निकाल दिल्लीत लागला, पण तो पोलीस ठाण्यापर्यंत पोहोचवण्याची जबाबदारी कोणाचीच नव्हती. महान्यायवादी वेणुगोपाल यांनी २०२१ मध्ये न्यायालयाला सांगितले, की छापील कायद्यात कलम जसेच्या तसे आहे आणि ते रद्द झाल्याचे केवळ तळटीपेत लिहिले आहे. गुन्हा नोंदवताना तळटीप कोण वाचणार? तेवढ्यासाठी माणसे कोर्टाच्या तारखांना जात राहिली, हा या प्रकरणातला सर्वांत मोठा अन्याय.

१२ ऑक्टोबर २०२२ रोजी सरन्यायाधीश उदय लळीत यांच्या खंडपीठाने या कलमाखाली कोणावरही खटला चालवू नये, असा आदेश दिला. २०२३ च्या जनविश्वास कायद्याने ते अधिनियमाच्या मजकुरातूनही वगळले.