टक्का उतरला, गोळ्या किती उतरल्या?

अमेरिकेत ज्याला नर्सिंग होम म्हणतात ते आपल्याकडचं छोटं खासगी रुग्णालय नव्हे. परावलंबी वृद्ध तिथे महिनोन्महिने, पुष्कळदा अखेरपर्यंत राहतात. त्यांतल्या बऱ्याच जणांना डिमेन्शिया, म्हणजे स्मृतिभ्रंश, असतो. संध्याकाळ झाली की येरझारा, आरडाओरडा. अंघोळ घालताना ओरबाडणं, चावणं. रात्रपाळीला माणसं कमी असली की सगळ्यात सोपी वाटते ती क्वेटायपिन, रिस्पेरिडोन किंवा ओलान्झापिनची गोळी. ही अँटिसायकॉटिक औषधं मुळात स्किझोफ्रेनियासारख्या, भास-भ्रम होणाऱ्या मानसिक आजारांसाठीची. डिमेन्शियाचा रुग्ण त्यांनी शांत होतो, पण पुष्कळदा गुंगीमुळे.

ही शांतता महाग पडते. 2005 मध्ये एफडीए या अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने 17 चाचण्यांचे आकडे एकत्र तपासले. सुमारे 10 आठवड्यांच्या चाचणीत औषध घेणारे 4.5 टक्के वृद्ध दगावले, तर नुसती दिखाऊ गोळी घेणारे 2.6 टक्के. कारणं बहुतेक हृदयाची किंवा न्यूमोनियासारख्या संसर्गाची. तेव्हापासून या औषधांच्या माहितीपत्रकावर चौकटीतला इशारा छापला जातो.

तरीही 2011 च्या अखेरीस दीर्घकाळ राहणाऱ्या रहिवाशांपैकी 23.9 टक्के ही औषधं घेत होते. 2012 मध्ये सीएमएस या सरकारी यंत्रणेने मोहीम उघडली आणि प्रत्येक केंद्राचा टक्का संकेतस्थळावर सर्वांसाठी खुला केला. 2015 पासून तो केंद्राच्या पंचतारांकित गुणांकनातही धरला. आकडा खरोखर घसरला. 2021 पर्यंत तो 15 टक्क्यांच्या आत आला होता.

पण हा आकडा अनेक वर्षं भरला कोणी? केंद्रातल्याच परिचारिकेने. दर तीन महिन्यांनी प्रत्येक रहिवाशाचा एमडीएस नावाचा लांबलचक तक्ता भरावा लागतो. त्यात विचारलेलं असतं, मागच्या 7 दिवसांत अँटिसायकॉटिक दिलं का? आणि आजारांच्या यादीत स्किझोफ्रेनियाची एक चौकट असते. तिथे खूण केली की तो रहिवासी हिशेबातूनच वगळला जातो. हंटिंग्टन आणि टुरेट या मेंदूच्या दुर्मीळ विकारांच्या रुग्णांनाही तशीच सूट आहे. सूट देण्यामागचा हेतू रास्त आहे, कारण स्किझोफ्रेनिया असलेल्याला हे औषध लागतंच. पण एका खुणेने गोळी तीच राहते आणि टक्का उतरतो.

स्किझोफ्रेनिया सहसा विशी-तिशीत सुरू होतो. ऐंशीव्या वर्षी, डिमेन्शियासोबत तो नव्याने नोंदला गेला तर शंका घ्यायलाच हवी. न्यूयॉर्क टाइम्सने 2021 मध्ये नोंदी तपासल्या तेव्हा अशा केंद्रांत दर 9 रहिवाशांत एकाला हे निदान आढळलं. एकूण लोकसंख्येत ते सुमारे 150 मध्ये एकाला असतं. वगळलेले लोक धरले तर औषध घेणारे किमान 21 टक्के भरत होते. 2023 पासून सीएमएस या नोंदींची तपासणी करते आणि खोटेपणा सापडला तर केंद्राचं गुणवत्ता मोजमापांचं गुणांकन सहा महिने एका ताऱ्यावर आणते. ही शिक्षा मला सौम्यच वाटते.

दुसरी पळवाट औषध बदलण्याची. अँटिसायकॉटिक कमी झाली त्याच काळात फेफऱ्यावरच्या औषधांचा वापर वाढला. त्यांतल्या व्हॅल्प्रोएटनेही गुंगी येते, तोल जातो, प्लेटलेट्स उतरतात. पण अँटिसायकॉटिकच्या रकान्यात ते मोजलं जात नाही. 2011 ते 2019 या सबंध काळात मनावर परिणाम करणारं कुठलं ना कुठलं औषध सुमारे 80 टक्के रहिवाशांना दिलं जात होतं. म्हणून केंद्र पाहताना फक्त तारे मोजू नयेत. किती जणांना स्किझोफ्रेनिया नोंदला आहे, त्यांतल्या किती जणांचं निदान इथे आल्यावर झालं आणि रात्री किती रहिवाशांमागे एक परिचारिका असते, हे तिथल्या प्रमुखांना सरळ विचारावं.

गोळीआधी काय पाहायचं, हेही ठाऊक आहे. दुखणं, बद्धकोष्ठता, तुंबलेली लघवी, बंद पडलेलं श्रवणयंत्र. बोलून सांगता न येणारा माणूस हे सगळं हातपाय झाडूनच सांगतो. नॉर्वेतल्या 18 केंद्रांमध्ये 352 रुग्णांवर झालेल्या अभ्यासात 8 आठवडे पद्धतशीर वेदनाशमन केलं गेलं. बहुतेकांना फक्त पॅरासिटामॉल पुरलं आणि अस्वस्थता सरासरी 17 टक्क्यांनी घटली.

औषध आधीच सुरू असेल तर एकदम तोडू नये. लक्षणं तीन महिने आटोक्यात असतील तर डॉक्टरांच्या देखरेखीखाली दर एक-दोन आठवड्यांनी मात्रा 25 ते 50 टक्क्यांनी उतरवतात आणि झोप, आक्रमकता, भास यांची रोज नोंद ठेवतात. त्रास उलटला तर आधीच्या मात्रेवर परततात. अमेरिकी नियमानुसार पहिल्या वर्षात असे दोन प्रयत्न वेगवेगळ्या तिमाहीत व्हायला हवेत, मध्ये किमान एक महिना सोडून. रुग्णाला ते घातक ठरणार असेल तर डॉक्टरांनी तसं कारण लिहायचं. 'गरज पडल्यास' म्हणून लिहिलेलं अँटिसायकॉटिक 14 दिवसांपुरतंच चालतं. पुढे द्यायचं तर डॉक्टरांनी रुग्णाला स्वतः तपासून नवा आदेश लिहावा लागतो. नातेवाइकांनी औषधांच्या तक्त्यावर त्या आदेशाची तारीख पाहावी.