दिवसभर बसूनही माणूस दमतो कशाने?

पुण्यातल्या अभ्यासिकांमध्ये 'किती तास बसतोस?' हा प्रश्न 'किती अभ्यास करतोस?' याच अर्थाने विचारला जातो. दहा-बारा तास असं उत्तर देताना छाती थोडी फुगतेही. विद्यापीठात नियमित शिकणाऱ्यांचं फार निराळं नसतं. लेक्चर बसून, जर्नल बसून, असाइनमेंट लॅपटॉपपुढे बसून. आणि डोकं शिणलं म्हणून जो विरंगुळा, तोही कॉटवर लोळत मोबाइलवर. रात्री हीच मुलं म्हणतात, अंगात त्राण नाही, कशात मन लागत नाही. घरचे विचारतात, "दिवसभर बसूनच तर होतास, दमलास कशाने?"

प्रश्न खोचक आहे, पण संशोधकांनाही तो पडलेला आहे.

बसण्याचे शरीरावर होणारे परिणाम बऱ्याच आधी लक्षात आले. लंडनच्या दुमजली बसमध्ये दिवसभर जिना चढउतार करणाऱ्या कंडक्टरांपेक्षा सीटवर खिळलेल्या ड्रायव्हरांना हृदयविकार जास्त होतो, हे जेरी मॉरिस यांनी १९५३ मध्येच दाखवलं होतं. मनाचा विचार मात्र फार उशिरा सुरू झाला.

कामाच्या ताणाने येणारा भावनिक थकवा, म्हणजेच 'बर्नआउट', मोजण्यासाठी क्रिस्तिना मास्लाक आणि सुसान जॅक्सन यांनी १९८१ मध्ये एक प्रश्नावली प्रसिद्ध केली. ती होती माणसांशी सतत संबंध येणाऱ्या पेशांसाठी. विद्यार्थ्यांसाठी तिचं रूप यायला २००२ उजाडलं. त्यात तीन गोष्टी तपासतात: अभ्यासाने आलेला शीण, अभ्यासाबद्दल वाटेनासं झालेलं अगत्य आणि 'हे मला जमतं' या विश्वासाला लागलेली ओहोटी. जागतिक आरोग्य संघटनेच्या लेखी बर्नआउट आजही फक्त नोकरीधंद्यातला. बारा तास पुस्तकात डोकं घालून बसणारा त्या व्याख्येबाहेर राहतो. ही व्याख्या मला तोकडी वाटते.

आता बसण्याचा या थकव्याशी संबंध किती? अमेरिकेतल्या मिसिसिपी विद्यापीठात नियमित हालचाल करणाऱ्या काही तरुणांना आठवडाभर व्यायाम बंद करायला आणि रोजची पावलं ५,००० च्या आत ठेवायला सांगितलं. तेवढ्यातच त्यांची मनःस्थिती खालावली, आणि नेहमीचा दिनक्रम सुरू झाल्यावर सावरली. अर्थात गट लहान होता, शिवाय आवडता व्यायाम सुटल्याची खंतही त्यात मिसळली असणार. त्यामुळे सगळा दोष खुर्चीवर टाकता येत नाही. इंग्लंडमध्ये ब्रिस्टल परिसरातल्या चार हजारांहून अधिक मुलांचा अभ्यास त्यापेक्षा भक्कम आहे. मुलांच्या अंगावर हालचाल मोजणारं यंत्र लावून १२, १४ आणि १६ व्या वर्षी नोंदी घेतल्या. १२ व्या वर्षी रोजचं बसणं तासाभराने जास्त असेल, तर १८ व्या वर्षी नैराश्य मोजणाऱ्या चाचणीतले गुण सुमारे ११ टक्क्यांनी जास्त आढळले.

पण शरीरात नेमकं घडतं काय? लिव्हरपूलमधल्या संशोधकांनी २०१८ मध्ये ऑफिसात काम करणाऱ्यांना चार तास सलग बसवलं, तर मेंदूकडे जाणारं रक्त थोडं कमी झालं. दर अर्ध्या तासाने दोन मिनिटं चालल्यावर ही घट दिसली नाही. गंमत म्हणजे दर दोन तासांनी आठ मिनिटं चालूनही तो फायदा मिळाला नाही. चालणं तेवढंच, फक्त सलग बसण्याचा काळ लांबलेला. अवघ्या १५ जणांवरचा प्रयोग आहे, तरी अभ्यासिकेतल्या 'जेवायलाच उठायचं' या शिस्तीबद्दल शंका घ्यायला पुरेसा आहे.

दुसरा धागा पॅरिसचा, २०२२ चा. दिवसभर अवघड बौद्धिक काम केलेल्यांच्या मेंदूच्या पुढच्या भागात ग्लुटामेट हे रसायन साचलेलं आढळलं, आणि अशी माणसं कमी कष्टाचे, झटपट फळ देणारे पर्याय निवडू लागली. हा शीण विचार करण्याचा होता, बसण्याचा नव्हे. पण दमलेल्या विद्यार्थ्याला सर्वांत कमी कष्टाचं काय सापडतं? हातातला मोबाइल. म्हणजे आणखी दोन तास बसणं. थकव्यामुळे बसणं आणि बसण्यामुळे थकवा, दोन्ही दिशा एकाच वेळी चालू असतात. यातलं आधी काय हे एकदाच भरून घेतलेल्या प्रश्नावलीतून कळत नाही. अशा पाहण्यांच्या बातम्या वाचताना एवढं ध्यानात ठेवावं.

सगळं बसणं सारखंही नसतं. स्वीडनमधल्या दीर्घकालीन अभ्यासात टीव्ही पाहण्यासारखं निष्क्रिय बसणं नैराश्याशी जोडलेलं दिसलं. डोकं चालवत बसणं तसं दिसलं नाही. मुलांनी आधी कमी करायचं ते पुस्तकापुढचं बसणं नव्हे, त्यानंतरचं लोळणं. सुट्टीत टपरीवर जाऊन उभ्याउभ्या चहा पिणारी मुलं नकळत बरोबर वागतात.

मात्र दोन तासांच्या लेक्चरमध्ये मधेच उठून उभं राहायची सोय विद्यार्थ्याच्या हातात नाही. ती शिकवणाऱ्यानेच द्यावी लागेल. तासाच्या मध्यावर दोन मिनिटं वर्ग उभा केला, तर अभ्यासक्रम काही मागे पडत नाही.