जवळचं आणि पायी जाण्याजोगं: खानदेशात घर बघताना हा फरक तपासा

घराच्या जाहिरातीत ‘बाजार जवळ, शाळा जवळ, दवाखाना जवळ’ असं हमखास लिहिलेलं असतं, आणि नकाशावर ते खरंही असतं. पण जवळ असणं वेगळं, पायी जाता येणं वेगळं. राहायला आल्यावर रोज उपयोगी पडतं ते दुसरं. किराणा दुकान 300 मीटरवर असूनही कोथिंबिरीच्या जुडीसाठी गाडी काढावी लागत असेल, तर ते दुकान नुसतं जवळ आहे.

आधी वाट मोजा. धुळ्याच्या जुन्या भागात गल्ल्या नंबरांनी ओळखल्या जातात. गल्ल्या उभ्या-आडव्या आणि एकमेकींना मिळणाऱ्या असल्या, की चालायचं अंतर सरळ रेषेतल्या अंतराच्या साधारण 1.4 पटीच्या वर जात नाही. हा साधा भूमितीचा हिशोब आहे. एकच फाटक असलेल्या कॉलनीत मागच्या भिंतीपलीकडची डेअरी 100 मीटरवर असते, पण वळसा घालून जायला 700 मीटर पडतात. आमच्या मते हा पट 2 च्या वर गेला, की माणूस पायी निघायचं सोडून देतो.

मधे महामार्ग असेल तर अंतराचा हिशोबच कोलमडतो. जळगावात ही अडचण ठाऊक नाही असं घर विरळा. एका बाजूच्या दोन लेन म्हणजे 7 मीटर. धडधाकट माणूस सेकंदाला 1.2 मीटर चालतो, म्हणजे त्याला सहा सेकंद लागतात. ताशी 60 च्या वेगाने येणारी गाडी तेवढ्यात 100 मीटर कापते. गुडघे दुखणाऱ्या आजीला नऊ सेकंद लागतात, म्हणजे तिला 150 मीटर मोकळा रस्ता हवा. तो मिळत नाही, म्हणून आजी घरातच राहते.

आता सावली. खानदेशात हाच मुद्दा सगळ्यात मोठा, कारण मे महिन्यात पारा 44-45 पर्यंत जातो. जळगाव आणि धुळे साधारण 21 अंश अक्षांशावर असल्याने मेच्या 24-25 तारखेला दुपारी साडेबाराच्या सुमारास सूर्य थेट डोक्यावर येतो. तेव्हा भिंतीची सावली पडतच नाही. उपयोगी पडतो तो कडुनिंब, नाहीतर ओट्यावर पुढे आलेला पत्रा. मात्र चार वाजता चित्र पालटतं. दक्षिणोत्तर गल्लीत पश्चिमेकडच्या 25 फूट उंच दुमजली घरांची सावली 25 फुटांहूनही लांब पडते, म्हणजे 20 फुटी गल्ली पूर्ण झाकली जाते. लेकरं खेळायला, बायका भाजी निवडायला बाहेर येतात त्या याच वेळी. नव्या प्लॉट एरियात घर रस्त्यापासून 10-15 फूट आत असतं आणि रस्ता 40 फुटी. सावलीचा बराच भाग अंगणातच जातो आणि अर्ध्याहून जास्त रस्ता तापलेलाच राहतो. पूर्व-पश्चिम गल्लीत तर सकाळ-संध्याकाळ ऊन सरळ तोंडावर येतं. तिथे झाडं नसतील तर घर घेताना दोनदा विचार करा.

मग पायाखाली बघा. चालायला 1.8 मीटर मोकळी पट्टी हवी, एवढ्यात दोन व्हीलचेअर समोरासमोरून जातात. आपल्याकडे ही पट्टी बहुधा गटारीवरच्या ढाप्यांची असते. दोन ढाप्यांमधली फट चार बोटं झाली, की काठीचं टोक आत जातं. एखादा ढापा तुटलेला किंवा डगमगता असला, की लोक रस्त्याच्या मधून चालू लागतात. रस्त्यावर थरावर थर चढवला, जुना खरवडला नाही, तर ढापे खाली राहतात आणि पावसाचं पाणी त्यांच्यावर साचतं. शिवाय फाटकासमोरचे सिमेंटचे उतार तीन-चार फूट बाहेर आलेले असतात. हे सगळं चालणाऱ्याच्या वाट्याचं आहे, त्याच्याकडून काढून घेतलेलं.

याचा अर्थ जुनी पेठ आपोआप चांगली, असा नाही. गर्दी असणं आणि चालता येणं यातही गल्लत होते. मोटरसायकल आडवी लावली तर गल्लीची सहा फूट जागा खाते, भिंतीला समांतर लावली तर अडीच फूट. 20 फुटी गल्लीत दोन्ही बाजूंना आडव्या गाड्या लागल्या, की उरतात आठ फूट, आणि त्यातही हातगाडी. गाड्या समांतर लावायचं गल्लीने ठरवलं, तर एक पैसा न घालवता सात फूट परत मिळतात.

पेठेची खरी दौलत म्हणजे ओटा. पाच-सहा घरांमागे एक जरी मोकळा ओटा असला, तर म्हातारं माणूस बसत-बसत बाजार करून येतं, आणि येता-जाता कोण आजारी, कोणाकडे पाहुणे, हे कळतं. श्रावणात खानदेशची देवी कानबाई हिला निरोप द्यायला अख्खी गल्ली तिला डोक्यावर, हातात घेऊन पायी निघते. ती वाट मोकळी असणं ही त्या गल्लीची रोजचीच गरज आहे.

घर पसंत करण्याआधी त्या वाटेने तीनदा जा: सकाळी शाळेच्या वेळी, भर दुपारी आणि दिवे लागल्यावर. हातात पाच किलो पिठाचा डबा घ्या, कारण गिरणीवरून येताना तो असणारच. किती वेळा रस्त्याच्या मधे उतरावं लागलं, ते मोजा. जमलं तर घरातल्या सगळ्यात हळू चालणाऱ्या माणसाला सोबत न्या आणि मिनिटं त्याच्याच चालीने धरा. तुमची पाच, त्याची आठ.