योकुलातोरचा गोतावळा

लॅटिनमध्ये 'योकुस' म्हणजे थट्टा. तिच्यावरून 'योकुलातोर', मस्कऱ्या. सुरुवातीला हा पेशा नव्हता, स्वभाव होता. इ.स.पू. 54 मध्ये रोमन वक्ता सिसेरोने मित्र अत्तिकसला लिहिलेल्या पत्रात हा शब्द त्याच्या संवादरूपी ग्रंथातलं एक पात्र असलेल्या म्हाताऱ्या स्केव्होलासाठी वापरला आहे: माझ्या ग्रंथाच्या पुढच्या भागांत वक्तृत्वाची तांत्रिक चर्चा आहे, तिथे या थट्टेखोर म्हाताऱ्याला बसवायला नको वाटलं.

मध्ययुगात हाच शब्द पोटापाण्याला लागला. गाणारा, वाजवणारा, कसरती करणारा, हातचलाखी दाखवणारा, सगळे योकुलातोर. पाद्री त्यांच्या नावाने बोटं मोडत, राजेरजवाडे मात्र त्यांना पोसत. 1086 सालच्या 'डूम्सडे बुक' या इंग्लंडच्या जमीन-नोंदवहीत ग्लॉस्टरशरखाली राजाचा योकुलातोर बर्डिक सापडतो: तीन गावं, पाच नांगर, देणं काही नाही. इनामच की! हॅम्पशरच्या पानांत अडेलिना नावाची बाईही आहे, 'योकुलात्रिक्स' म्हणून. तेराव्या शतकात असिसीचा ख्रिस्ती संत फ्रान्सिस याने तर आपल्या अनुयायांना 'देवाचे योकुलातोर' ठरवलं. ज्यांना चर्च हिणवत होतं त्यांचंच नाव त्याने मुद्दाम उचललं असावं, असं मला वाटतं.

एकाच नावाखाली इतकी मंडळी आली की कुरबुर होणारच. 1274 मध्ये गिरॉ रिकिए या त्रुबादूरने, म्हणजे दक्षिण फ्रान्सकडच्या दरबारी कवीने, स्पेनमधल्या कॅस्टिलचा राजा दहावा आल्फोन्सो याच्याकडे पद्यात अर्जच केला: स्वतः काव्य रचणाऱ्याला आणि चौकात माकडं नाचवणाऱ्याला एकाच नावाने हाक मारू नये. दरबारी कवीचा तोरा यात स्पष्ट दिसतो.

पुढे प्रत्येक भाषेने या पेशाचा आपापला तुकडा ठेवला. फ्रेंच 'जोंगलर'मधला अनुस्वार बडबड करणे या अर्थाच्या दुसऱ्याच क्रियापदाच्या संगतीने आला. स्पॅनिश 'हुग्लार' म्हटलं की वीरगाथा गाणारा फिरता गायक आठवतो. पोर्तुगीज 'जोग्राल' आता सामूहिक काव्यवाचनालाही म्हणतात. इंग्रजी 'जगलर' शेक्सपियरच्या काळातही नजरबंदी करणारा, म्हणजे थोडा लबाडच होता. चेंडू झेलण्याचा अर्थ नंतर पक्का झाला. इटालियनमध्ये दोन भावंडं नांदतात: कसरतवाला 'जोकोलिएरे' आणि दक्षिण फ्रान्समधल्या प्रोव्हान्सकडून आलेला 'जुल्लारे'. या दुसऱ्याच्या परंपरेत स्वतःला बसवणारा नाटककार दारिओ फो याला 1997 मध्ये साहित्याचं नोबेल मिळालं, आणि सत्तेवर कोरडे ओढणारे मध्ययुगीन विदूषक निवड समितीच्या निवेदनात आले.